एका युरोत गेलेला राजा

लोथार उलमान आयुष्यात एकदाच भर सभेत ओरडला, आणि त्या एका ओरडण्यापायी जे गळ्यात पडलं, ते काढायला पुढे अख्खं गाव लागलं.

झालं असं, की लांगनवाइदाच्या चर्चचा कळस गळायला लागला. कळसाच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा गोळा. पन्नास ते ऐंशी वर्षांनी दुरुस्ती निघाली की तो गोळा खाली उतरवायचा, आतला पत्र्याचा डबा उघडायचा, आधीच्यांनी काय ठेवलंय ते वाचायचं, त्यात आपली चार नाणी आणि एक पत्र घालायचं आणि कथलाचा डाक लावून, म्हणजे सगळं झाळून बंद करून, परत वर चढवायचं, ही जर्मनीतल्या सॅक्सनीची जुनी रीत. राजे गेले, कैसर गेला, तो मिशीवाला गेला, कामगारांचं राज्य आलं आणि तेही गेलं. जाताना प्रत्येकाने डब्यात आपापली चिल्लर टाकली. १९७८ सालच्या लोकांनी तर ॲल्युमिनियमची नाणी टाकली होती. ती इतकी हलकी, की डबा उघडताना पाद्रीणबाई शिंकल्या आणि त्यांतली दोन उडून वेदीखाली गेली.

पण डब्याच्या तळाशी १८४३ सालची, खुद्द सॅक्सनीच्या राजाच्या टांकसाळीतली नाणी होती. एक थालर, म्हणजे तेव्हाचा चांदीचा मोठा रुपया, थालरचा सहावा हिस्सा असलेलं एक छोटं चांदीचं नाणं, दोन नॉयग्रोशेन आणि थोडे तांब्याचे फेनिग. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की थालर जमीनदाराने दिला, आणि ते छोटं चांदीचं नाणं कळसावर पत्रा ठोकणाऱ्या कारागिराने, स्वतःच्या मजुरीतून.

हे ऐकून सभेत सगळ्यांनी 'वा वा' केलं. मग जिल्ह्याच्या वारसा खात्यातून आलेले डॉ. व्हीसनर उठले. हातांत पांढरे हातमोजे, गळ्यात लोकरीचा तपकिरी मफलर.

"मूळ वस्तू राजधानीत, ड्रेस्डेनला, सुरक्षित राहतील," ते म्हणाले. "कळसात आपण प्रतिकृती ठेवू."

"सुरक्षित म्हणजे कुठे?" लोथारने बसल्या जागेवरून विचारलं.

"भांडारात."

"तिथे लोकांना बघायला मिळतील?"

"भांडार लोकांसाठी नसतं," डॉक्टर म्हणाले, आणि लहान मुलाला समजावल्यासारखे हसले.

तेव्हा लोथार ओरडला. "त्या पत्रेवाल्याने दिवसभर टांगून घेऊन कमावलेलं नाणं कळसात ठेवायला दिलं होतं! तुमच्या खणात ठेवायला नाही! द्यायचंच असतं तर तेव्हाही ड्रेस्डेन होतं की!"

 लोथार एकसष्ट वर्षांचा, नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटरचे आकडे तपासणारा माणूस. इतका आवाज त्याच्याकडे आहे हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. सॅक्सनीच्या राजांची नाणी हा त्याचा चाळीस वर्षांचा अभ्यास. कोणत्या साली टांकसाळीच्या अधिकाऱ्याचं कुठलं अक्षर नाण्यावर पडलं, हे त्याला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा चोख पाठ. प्रशियाने एका ग्रोशेनचे बारा फेनिग ठेवले तेव्हा सॅक्सनीने सरळ दहा केले, यावरून शहाणे कोण हे सिद्ध होतं, असं तो दर नाताळला मेव्हण्याला सांगायचा. मेव्हणा बर्लिनचा होता.

पण पदवी नाही. आणि या जगात पदवीवाला चुकला तर त्याचं ते मत असतं, बिनपदवीचा बरोबर आला तर तो त्याचा छंद असतो. डॉ. व्हीसनर सभेत म्हणालेही, "आमचे छंदिष्ट मित्र उलमान भावनेच्या भरात बोलले." छंदिष्ट! लोथारच्या कानाच्या पाळ्या संध्याकाळपर्यंत लाल होत्या.

मतदान झालं आणि लोथार चार मतांनी जिंकला. मात्र डॉक्टरांनी अट घातली. नाण्यांची नीट यादी करायची, रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर वाचायची, ते स्वतः एकेक नाणं ताडून पाहणार, आणि एक जरी कमी भरलं तर अख्खा डबा ड्रेस्डेनला. लोथारने ताबापावतीवर अशी झोकात सही केली, की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. जुन्या पत्रासकट नाणी तीन दिवस घरी आली.

गुद्रुनने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती जेवणाच्या टेबलावर मांडलेली पाहिली आणि विचारलं, "आता आपण जेवायचं कुठे?"

"उभ्याने," लोथार म्हणाला. "तीन दिवसांचा प्रश्न आहे. त्यानंतर माझ्या हातची यादी ऐंशी वर्षं कळसात राहणार आहे, गुद्रुन. ऐंशी!"

"आणि माझा रस्सा आत्ता गार होतोय."

शनिवारी सकाळपर्यंत यादी झाली. फक्त त्या छोट्या चांदीच्या नाण्याचं वजन पटेना. घरचा काटा एकदा पाच ग्रॅम दाखवी, एकदा सहा. पुस्तकाप्रमाणे हवं होतं पाच पूर्णांक काहीतरी. डॉ. व्हीसनर नेमके त्या 'काहीतरी'वर बोट ठेवणार, हे लोथारला स्वच्छ दिसत होतं. औषधाच्या दुकानात शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा असतो. लोथारने नाणं कागदी पाकिटात घातलं, टोपी चढवली आणि निघाला.

"जातोच आहेस तर येताना मैदा आण," गुद्रुन म्हणाली. "दोन किलो. आणि दही-चक्का चार डबे. उद्याच्या चहापाण्याला केकचे दोन ट्रे मी कबूल केलेत. उद्या दुकानं बंद, तेव्हा विसरलास तर गावाला तुझी यादीच खायला घालीन."

औषधाच्या दुकानात त्याच्या मागे सात माणसं उभी होती, आणि सातही जणांना खोकला होता. दुकानदारीणबाईंनी नाणं पाकिटातून काढलं, काट्यावर ठेवलं, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि नाणं त्याच्या तळव्यावर ठेवलं. मागून एक आजोबा म्हणाले, "आम्ही इथं मरतोय आणि हा चिल्लर मोजतोय." लोथारला लाज वाटली. घाईघाईत चिठ्ठी गेली पाकिटात आणि नाणं गेलं कोटाच्या उजव्या खिशात. चाळीस वर्षांचा अभ्यास, आणि चिठ्ठीला पाकीट!

तिथून तो सुपरमार्केटला गेला. शनिवारची दुपार, उद्या बंद. आमच्याकडे एक दिवस दुकान बंद असणार म्हटलं की लोक वेढा पडल्यासारखी खरेदी करतात. लोथार ट्रॉल्यांच्या रांगेपाशी आला, डोक्यात वजनाचा आकडा घोळवत. आमच्याकडे ट्रॉल्या साखळीने एकमेकींना जखडलेल्या असतात; खाचेत युरो किंवा पन्नास सेंट घातले की एक सुटते, आणि ती परत जागी लावली की नाणं परत मिळतं. हात खिशात गेला. गोल, सपाट, पन्नास सेंटाएवढं काहीतरी बोटांना लागलं. बोटांनी तेच केलं जे ती गेली तीस वर्षं दर शनिवारी करत आली होती. खाचेत सरकवलं. खट्‌ झालं. साखळी सुटली.

मैदा घेतला, चक्का घेतला. बाहेर आला तर दारात एक निळ्या कोटातल्या बाई घाईने आल्या, हातात युरो.

"देता का तुमची ट्रॉली? हा घ्या युरो."

ही आमच्या गावची शिष्टाचाराची परिसीमा. जाणाऱ्याचा रांगेपर्यंतचा फेरा वाचतो, येणाऱ्याचा नाणं घालायचा वाचतो. खाचेत खरोखर युरोच आहे का, हे कुणी बघत नाही. वाकून बघणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. लोथारने टोपीला हात लावला, युरो घेतला, "सुखाचा रविवार!" म्हणाला आणि खुशीत घरी आला.

घरी येऊन त्याने उजवा खिसा टेबलावर रिकामा केला. एक युरो, आणि ट्रॉलीसाठी बँकेने फुकट वाटलेली निळी प्लास्टिकची चकती.

त्याने चकतीकडे पाहिलं. मग युरोकडे. मग परत चकतीकडे. मग तो खुर्चीवर बसला. खुर्ची तिथे नव्हती.

"काय पडलं?" स्वयंपाकघरातून गुद्रुन.

"मी," लोथार म्हणाला.

सगळं ऐकून गुद्रुनने हात पुसले. "म्हणजे सबंध सॅक्सनीत त्या नाण्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस तू. आणि तू ते एका युरोला विकलंस."

"विकलं नाही!"

"खरंय. विकताना माणूस भाव तरी करतो."

लोथार धावला. सुपरमार्केटच्या दारात त्याला शेजारी श्टायनर्ट भेटले. दोघांचं अठ्ठावीस वर्षं कुंपणाला कुंपण, आणि अजून अहो-जाहो, नावाआधी 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून. श्टायनर्ट रिकामी ट्रॉली घेऊन उभे होते, चेहरा अगदी प्रेमळ.

"या या, हेर उलमान! माझी ट्रॉली घ्या. युरो द्या की झालं."

"ट्रॉली नको मला!" लोथार खेकसला आणि आत घुसला. श्टायनर्टांचा चेहरा पडला.

आत बाराएक निळे कोट. आमच्याकडे साठी ओलांडलेल्या बाईला निळा कोट सरकारातून मिळतो की काय कोण जाणे. लोथार एकेका ट्रॉलीपाशी जाऊन दांड्यावरच्या खाचेत वाकून पाहू लागला. पहिल्या बाईंनी पर्स छातीशी धरली. दुसऱ्या म्हणाल्या, "अहो, माझ्या बटाट्यात काय शोधताय?" तिसऱ्यांनी काही न बोलता कोबीचा गड्डा उचलला, आणि तो विकत घेण्यासाठी उचललेला नव्हता.

तेवढ्यात दुकानाच्या व्यवस्थापक नोवाकबाई आल्या. वय तीसच्या आत, छातीवर नावाची पट्टी, आवाज शांत. शांत आवाजाच्या माणसाला नियम पाठ असतात, हे लोथारला सरकारी नोकरीमुळे माहीत होतं.

"तुम्ही लोकांच्या ट्रॉल्या हुंगताय अशी तक्रार आहे."

"माझं नाणं गेलंय एका ट्रॉलीत."

"किती युरोचं?"

"युरो नाही. थालरचा सहावा हिस्सा. १८४३. राजा फ्रीडरिश आउगुस्ट दुसरा."

नोवाकबाईंनी त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. "बसता का जरा? पाणी आणू?"

शुद्धीवर असल्याचं सिद्ध करण्यात दहा मिनिटं गेली. मग नियम सुरू झाले. खाचेतलं नाणं दुकानाचं नाही, ते ट्रॉली ज्याच्या हातात त्याचं. ट्रॉली दुकानाची, कुलूप दुसऱ्याच कंपनीचं. तक्रार कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्राने, उत्तर सहा आठवड्यांत. सापडलेल्या वस्तू नगरपालिकेच्या हरवलं-सापडलं खिडकीत जमा होतात, ती खिडकी मंगळवारी आणि गुरुवारी नऊ ते बारा उघडी.

"मंगळवार आणि गुरुवार! नऊ ते बारा!" लोथार कडाडला. "कुठल्या गाढवाने ही वेळ ठरवली?"

मग तो एकदम गप्प झाला. पाच वर्षांपूर्वी महिनाभर तो दुसऱ्याच्या जागी त्या खात्यात बसला होता, तेव्हा ते वेळापत्रक त्याच्याच टेबलावरून मंजूर होऊन गेलं होतं. खिडकी जास्त वेळ उघडी ठेवण्याइतकं लांगनवाइदात काही हरवत नाही, असा शेराही त्यानेच मारला होता.

"स्पीकरवरून सांगू का?" नोवाकबाईंनी विचारलं. "अख्ख्या दुकानात ऐकू जाईल."

अख्ख्या दुकानात म्हणजे अख्ख्या गावात. म्हणजे डॉ. व्हीसनरांच्या कानात, कारण रविवारसाठी ते आजच येऊन उतरणार होते. "नको नको," लोथार म्हणाला. शेवटी नोवाकबाईंनी दारातल्या फळ्यावर चिठ्ठी लावायची परवानगी दिली. लोथारने लिहिलं: 'ट्रॉलीत एक जुनी गोल वस्तू राहिली आहे. किंमत काही नाही, भावना आहेत. घर क्रमांक अकरा.' चिठ्ठी टोचताना शेजारची ताजी चिठ्ठी त्याने वाचली: 'सावधान! टोपीवाला, सभ्य दिसणारा इसम दारात ट्रॉलीसोबत परदेशी नाणं चिकटवतो. नागरिकांनी दक्ष राहावं.' काय दिवस आलेत, लोथारच्या मनात आलं, गावात ठक फिरताहेत! त्याने टोपी नीट केली आणि घरी गेला.

माझ्या वाचकाच्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो लोथारच्या डोक्यात पडला नाही. सभ्य माणसाला आपलं वर्णन कधी ओळखू येत नाही.

संध्याकाळी पाच ते सात घर क्रमांक अकराला जत्रा लागली. 'जुनी गोल वस्तू' घेऊन लोक आले. कोणी कोटाचं बटण आणलं, कोणी बिअरचं बूच, कोणी कुत्र्याच्या पट्ट्यातला बिल्ला. एका आजींनी मृत नवऱ्याचं घड्याळ आणलं आणि त्याची गोष्ट सांगत पाऊण तास बसल्या. दुकानातलं नोवाकबाईंशी झालेलं बोलणं ऐकलेला एकजण खरोखरचा सहावा थालर घेऊन आला. लोथारचं काळीज उडालं. उलटून पाहिलं तर प्रशियाचा.

"चालेल ना? चांदी ती चांदी," तो माणूस म्हणाला.

"सॅक्सनीच्या कळसात प्रशियाचा राजा!" लोथारला श्वास घ्यायला वेळ लागला. गुद्रुनने त्या माणसाला केकचा तुकडा देऊन वाटेला लावलं.

मग श्टायनर्ट आले. कुंपणावरून नाही, फाटकातून, म्हणजे काम गंभीर. त्यांना सगळी हकीगत एव्हाना कुंपणापलीकडून ऐकूनच कळली होती. लोथारला वाटलं शेजारी हसेल. पण श्टायनर्ट हसले नाहीत. ते लोथारपेक्षाही घाबरलेले दिसत होते.

"हेर उलमान, तुमच्या संग्रहात तसलं दुसरं असेल ना?"

"आहे. १८४६ चं. तोच राजा."

"मग तेच घाला! घाला आणि मोकळे व्हा. कोण बघतंय?"

"व्हीसनर बघणार आहेत. शिवाय यादीत १८४३ आहे."

"तीनाचे सहा करायला किती वेळ लागतो? यादी तुमच्याच हातची. ते जुनं पत्रही घरातच आहे, तिथेही एक आकडा... आणि डबा बंद झाला की ऐंशी वर्षं उघडत नाही. तेव्हा तुम्ही नाही, मी नाही, व्हीसनर नाही."

आता खरं सांगायचं तर लोथारने ते १८४६ चं नाणं काढलं. तबकडीवर ठेवलं. तोच राजा, तेच डोकं, मागे मुकुटाखाली तीच ढाल. फक्त टांकसाळीचं अक्षर वेगळं. त्याने पेनही उचललं. जुन्या पत्रातला तीन जरा पोटफुगाच होता. त्याचा सहा झाला असता. सुरेख झाला असता.

 मग त्याने पेन खाली ठेवलं.

"नाही जमत," तो म्हणाला. "ऐंशी वर्षांनी माझ्यासारखा कोणी बिनपदवीचा येईल, भिंग लावील, आणि म्हणेल, त्या पत्रेवाल्याने खोटं लिहिलं. त्या बिचाऱ्याने एवढ्या उंचीवर लटकून कमावलं, आणि खोटारडा तो ठरणार. का, तर मला लाज वाटते म्हणून."

"अहो, पण सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर सांगणार. हरवलं. माझ्याकडून. मग नेऊ दे त्यांना डबा."

श्टायनर्टांनी टोपी पिळली आणि ते निघून गेले. गुद्रुन आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि लोथारचा पांढरा शर्ट मागून घेतला.

"नाक कापून घ्यायला जायचंच आहे, तर इस्त्रीच्या शर्टात जा," ती म्हणाली. इतकं प्रेमाचं ती बऱ्याच वर्षांत बोलली नव्हती.

रविवारी चर्च तुडुंब भरलं. देवासाठी नव्हे, क्रेनसाठी. बाहेर मैदानात क्रेन उभी होती. रविवारी यंत्र चालवायचा परवाना फक्त एक वाजेपर्यंतचा, आणि तो मिळवायला पाद्रीणबाई आंके यांना तीन खात्यांत अकरा कागद भरावे लागले होते. वेदीसमोर टेबलावर गोळा, डबा, आणि शेजारी पत्रेवाला डाक तापवत बसलेला. प्रार्थना झाली, गाणी झाली, दानाची मखमली थैली बाकांवरून फिरून परत आली. मग डॉ. व्हीसनरांनी पांढरे हातमोजे चढवले आणि लोथार यादी घेऊन उभा राहिला.

"थालर, एक," त्याने वाचलं.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

"नॉयग्रोशेन, दोन."

"आहेत."

"थालरचा सहावा हिस्सा, एक. १८४३." लोथारने कागद खाली केला. "नाही."

"काय म्हणालात?"

"नाही. ते मी हरवलं. काल दुपारी सुपरमार्केटच्या ट्रॉलीत घातलं, आणि ट्रॉली निळ्या कोटातल्या एका बाईंना एका युरोला देऊन टाकली. चूक माझी. मुद्दाम नाही, पण माझीच."

आधी कुणी हसलंच नाही. मग मागच्या बाकावरून एक खुसखूस आली आणि सबंध चर्चभर पसरली. डॉ. व्हीसनर हसले नाहीत, ते प्रसन्न झाले. ते फार वाईट. "म्हणजे राष्ट्रीय वारशाचा ठेवा," ते सावकाश म्हणाले, चव घेत, "आमच्या छंदिष्ट मित्रांनी कोबी आणायला वापरला."

"मैदा," गुद्रुन पहिल्या बाकावरून म्हणाली. "कोबी नाही. निदान चौकशी तरी नीट करा."

"डबा ड्रेस्डेनला जाईल," डॉक्टर म्हणाले आणि झाकणावर हात ठेवला.

तेवढ्यात डाव्या बाजूला एक निळा कोट ताडकन उठला. "हाच तो!" मेल्त्सरबाई ओरडल्या. "टोपी काढली म्हणून ओळखू आला नाही! मला परदेशी नाणं चिकटवलं याने! फळ्यावर चिठ्ठी मीच लावली!"

लोथार वेदीपुढून जवळजवळ उडीच मारणार होता. "बाई! कुठे आहे ते?"

मेल्त्सरबाईंचा आवाज एकाएकी निम्मा झाला. "आता माझ्याकडे नाही."

"मग?"

"मला वाटलं सीमेपलीकडचं, चेक देशातलं नाणं आहे. मग मी ते... परत एका ट्रॉलीत घातलं. आणि दारात दिली एकाला."

"कोणाला?"

बाईंनी छताकडे बोट दाखवलं. वर सज्जात ऑर्गन वाजवणारे मास्तर बसले होते. सगळ्या चर्चच्या माना वर वळल्या. मास्तरांचा कोपर पट्ट्यांवर पडला आणि ऑर्गनमधून भयंकर आवाज निघाला.

"मी पण चेकच समजलो," मास्तर वरून म्हणाले. "आणि मेल्त्सरबाई, तुम्ही मला 'सुखाचा रविवार' म्हणालात! बघत बघत म्हणालात!"

"तुम्ही पुढे कोणाला म्हणालात?" पाद्रीणबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता प्रवचनाची धार आली होती.

"...श्टायनर्टना."

कुंपणाला कुंपण. अठ्ठावीस वर्षं. लोथारने वळून पाहिलं. श्टायनर्ट बाकात इतके खाली घसरले होते, की फक्त टक्कल दिसत होतं. टक्कल बोलू लागलं. "मी तर तुम्हालाच देत होतो, हेर उलमान! दारात! तुम्हीच म्हणालात ट्रॉली नको! घेतली असती तर तेव्हाच परत मिळालं असतं. मग संध्याकाळी कळलं, की ते काय होतं. कुठल्या तोंडाने सांगू?"

"म्हणून तीनाचे सहा करा म्हणत होता?"

"म्हणून."

असं आमचं गाव. चार इभ्रतदार माणसं, चारही दर रविवारी चर्चमध्ये. त्यातल्या तिघांना हातातलं नाणं खोटं वाटलं. कुणी ते टाकून दिलं नाही, कुणी बोललं नाही. प्रत्येकाने ते पुढच्याला दिलं, वर सुखाचा रविवारही दिला. आणि खोटं समजून पुढे ढकललेलं ते अख्ख्या बाजारातलं सगळ्यात खरं नाणं होतं, नव्हे, एकमेव चांदीचं.

"पुढे?" लोथारने विचारलं. "तुम्ही कोणाला दिलंत?"

श्टायनर्ट उठले. त्यांनी हात वर केला आणि बोट सरळ वेदीकडे रोखलं. "सभेला मी नव्हतो, त्यामुळे नाव माहीत नव्हतं काल. गावात नवीन दिसले. पण मफलर तोच आहे."

डॉ. व्हीसनरांचा हात आपोआप मफलरकडे गेला. पांढरा हातमोजा, तपकिरी मफलर. अख्ख्या चर्चला स्पष्ट दिसलं.

"मी... मी काल पाणी आणि केळी घेतली," ते म्हणाले. "ट्रॉली परत लावली. एक परदेशी नाणं निघालं. झिजलेलं. मी काही त्याच्याकडे..."

"पाहिलंत ना?" लोथारने विचारलं. तो ओरडला नाही. गरज नव्हती.

"ओझरतं. काळोख होता."

"दुपारचे साडेतीन वाजले होते," श्टायनर्ट म्हणाले. त्यांना आता जरा बरं वाटत होतं.

"मग कुठे आहे ते, डॉक्टर?" पाद्रीणबाई.

 डॉ. व्हीसनरांची नजर दानाच्या थैलीकडे गेली, आणि पाद्रीणबाई नजरा वाचण्यात तरबेज. त्यांनी थैली उचलली आणि टेबलावर उपडी केली. युरो, सेंट, दोन बटणं, सुपरमार्केटच्या निळ्या चकत्या सहा (त्याबद्दल पाद्रीणबाई पुढच्या रविवारी बोलणार होत्या), आणि त्या ढिगातून घरंगळत, टेबलाच्या कडेला येऊन, डोकं वर करून थांबलेला राजा फ्रीडरिश आउगुस्ट दुसरा.

आधी टाळ्या कुणी वाजवल्या ते सांगता येत नाही. ऑर्गनवाल्या मास्तरांनी तर सुरावटच वाजवली, अपराधी माणसाला उत्साह फार. लोथारने नाणं उचललं, बोटाच्या चिमटीत कडा धरून, आणि डब्याजवळ ठेवलं.

"थालरचा सहावा हिस्सा, एक," त्याने पुन्हा वाचलं. "१८४३."

डॉ. व्हीसनरांनी पाहिलं. या वेळी नीट पाहिलं. "आहे," ते म्हणाले.

आता प्रश्न आला एका युरोचा. मेल्त्सरबाई तो मागत होत्या. पण मास्तरांनी सज्जातून हिशेब लावला, की बाईंना त्यांच्याकडून मिळालाच होता, त्यांना श्टायनर्टकडून, श्टायनर्टना डॉक्टरांकडून. म्हणजे सबंध साखळीत खरोखर कोणाचा युरो गेला असेल, तर तो फक्त डॉक्टरांचा. लोथारने खिशातून कालचा युरो काढला आणि सगळ्यांसमोर डॉक्टरांच्या पांढऱ्या हातमोज्यावर ठेवला.

पाद्रीणबाईंनी रिकामी थैली त्यांच्यासमोर धरली. "मघाशी परदेशी दान दिलंत. आता देशी द्या."

युरो थैलीत पडला.

"चला, मला पाचच मिनिटं द्या," लोथार म्हणाला. "यादीला शेरा जोडायचा राहिलाय, नाणं कुणाकुणाच्या हातून फिरलं त्याचा."

"परवाना एकपर्यंतच आहे," पत्रेवाला ओरडला. "डाक गार होतेय!"

लोथार बसला आणि लिहू लागला.  मेल्त्सरबाईंनी आपल्या नावात 'त्स' असतो की 'झ' हे विचारायला कुणी येईल या भीतीने डोळेच मिटले. श्टायनर्ट पुढे आले, खांद्याशी वाकले आणि हळूच म्हणाले, "लोथार... आता आपण अरे-तुरे करूया. अठ्ठावीस वर्षं झाली."

"करूया, हाराल्ड," लोथार लिहिता लिहिता म्हणाला. "पण त्याने काही फरक पडणार नाही."

कागद घडी होऊन डब्यात गेला. डाक लागली. डबा गोळ्यात, गोळा क्रेनला. एकला चार मिनिटं कमी असताना तो अठ्ठेचाळीस मीटरवर पोचला आणि उन्हात झळकला. खाली लोक चक्क्याचा केक खात माना वर करून उभे होते. डॉ. व्हीसनर बशी घेऊन लोथारच्या शेजारी येऊन थांबले.  वर पत्रेवाला शेवटचा बोल्ट आवळत होता.

"उलमान," ते शेवटी म्हणाले. "त्या शेऱ्यात... माझं नाव आहे का?"

"आहे की," लोथार म्हणाला. "पदवीसकट."